वाचून दाखविले, बरोबर आहे

रायपूरच्या शंकर नगरात मराठी माणूस बहुधा बदलीच्या हुकुमाने येतो. कोणी हिशेबतपासणीच्या खात्यात असतो, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, तर कोणी भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या कामानिमित्त येऊन इकडेच स्थिरावलेला असतो. येताना सामानात पुस्तकांची एक पेटी हमखास असते; आणि पुढच्या बदलीच्या वेळी सामान आवरता आवरता ती पेटी ओझे वाटू लागते. मग तिच्यातील पुस्तके आमच्या रविवारच्या बैठकीच्या कपाटात येऊन पडतात. आमचे ग्रंथालय म्हणजे अशा रीतीने दोन पिढ्यांच्या बदल्यांचा गाळ होय. गाळ म्हटले तरी त्यात पीक चांगले येते, हे मात्र आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

मागील पावसाळ्यात कपाटास वाळवी लागली. सर्व पुस्तके बाहेर काढून उन्हात ठेविली आणि त्या निमित्ताने यादीही करावयास घेतली. आत्मचरित्रे व आठवणी या सदराची थप्पी सर्वांत उंच झाली. त्यांत न्यायाधीश होते, प्राध्यापक होते, नट होते, गवई होते, देशभक्त होते, आणि अर्थातच आमचे पूर्वसूरी असे कितीतरी निवृत्त अधिकारी होते. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आणि 'स्मृतिचित्रे' यांच्या तर दोन दोन प्रती निघाल्या. यादी लिहीत होते ते आमच्यातील सर्वांत वडील सभासद. त्यांची सारी नोकरी चौकश्या करण्यात आणि जबाब लिहून घेण्यात गेलेली. ते लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले, "कामगारांचे जबाब मी शेकड्यांनी लिहिले असतील. त्यांच्यापैकी कोणाचे पुस्तक या थप्पीत आहे काय?" आम्ही शोधले. पाच-सहा पुस्तके मिळाली. ती वेगळी काढून ठेविली, आणि पुढचे चार रविवार आमची बैठक त्याच पुस्तकांभोवती बसली. प्रस्तुत लेख त्या बैठकींतून निघाला आहे.

प्रश्न असा होता: हाताने राबणाऱ्या माणसाची आठवण कागदावर येते ती कोणत्या वाटेने? आणि त्या वाटेवर तिच्यातील काय टिकते, काय गळून जाते?

इतिहासात मागे जाऊन पाहू. मुंबईत कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली ती १८५४ साली. दोन वर्षांनी तिचे सूत निघू लागले. तेथून पुढे कोकण, घाट आणि देश येथील माणूस मुंबईच्या चाळींत भरत गेला. आमच्या बाजूस, म्हणजे त्या वेळच्या मध्य प्रांतात, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली ती १ जानेवारी १८७७ रोजी. व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केले तो हा दिवस. गिरणीचे नावही त्यावरूनच पडले. परंतु याच तारखेस पुण्यात आणखी एक आरंभ झाला. सत्यशोधक समाजाचे कृष्णराव भालेकर यांनी 'दीनबंधु' हे पत्र त्या दिवशी सुरू केले. एके ठिकाणी भोंगा वाजला, दुसऱ्या ठिकाणी छापखान्याचा दट्ट्या पडला. त्या दिवशी या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे असे कोणाच्या मनातही आले नसेल. तो संबंध पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी जोडला.

लोखंडे हे काही काळ मुंबईच्या एका गिरणीत भांडारपालाचे काम करीत असत. १८८० साली 'दीनबंधु' त्यांच्या हाती आला आणि १८८४ साली त्यांनी गिरणी-कामगारांची संघटना उभारली. त्या वर्षी परळ येथे कामगारांच्या सभा भरल्या आणि सरकारास सादर करावयाचा एक अर्ज तयार झाला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या पाहा: रविवारी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत वेतन चालू राहावे. सहा वर्षांनी, एप्रिल १८९० मध्ये, महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज आम्ही शंकर नगरात रविवारी सकाळी पोहे खात साहित्यचर्चा करतो, तो रविवारही कोणीतरी मागून घेतलेला आहे, ही गोष्ट आम्हांस या वाचनापूर्वी ठाऊक नव्हती असे नाही. परंतु ती आमच्या ध्यानात नव्हती.

हा अर्ज म्हणजे पहिली वाट. आपण अधिकारी मंडळी या वाटेस चांगलेच ओळखतो, कारण तिच्या शेवटी आपलेच टेबल असते. अर्ज, निवेदन, साक्ष, जबाब: या सर्वांत कामगार बोलतो, परंतु ज्याचे उत्तर सरकारास देता येईल एवढेच बोलतो. साडेसहा वाजता काम सुरू व्हावे असे त्यात येते. पहाटे चार वाजता चाळीच्या नळावर काय होत असे, ते येत नाही. महालक्ष्मीच्या त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, असे इतिहासाच्या पुस्तकांत वाचावयास मिळते. बहुतेक ठिकाणी उल्लेख एवढाच: 'दोन स्त्रिया'. दहा हजारांचा आकडा राहिला, तारीख राहिली, मागणी मान्य झाल्याचा दिवस राहिला. त्या दोघी घरून काय ठरवून निघाल्या होत्या आणि व्यासपीठावर चढताना त्यांस काय वाटले, हे अर्जाच्या नमुन्यात बसणारे नव्हते.

अर्जातून आणखीही एक गोष्ट गळते, आणि ती अधिक गंभीर आहे. अर्जात सारे कामगार एक असतात. गिरणीत ते तसे नव्हते. साळखात्यात, म्हणजे माग चालत त्या विभागात, पगार अधिक असे. तेथे धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्यास अनेकांची तोंडे लागत. म्हणून अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांस साळखात्यात शिरूच देत नसत. भाकरी मिळविण्याचा हक्क एका धाग्यावरून अडला. १८८४ च्या अर्जात ही तक्रार नाही. ती १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभी केली, आणि संपाच्या पुढाऱ्यांस ती टाळता आली नाही. सहा महिने चाललेल्या त्या संपातून गिरणी कामगार युनियन बलवान होऊन निघाली, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु एकजुटीच्या आतली ही भेग दिसावयास वेगळ्या तोंडाने बोलणारा माणूस लागला. पुढे १९६३ साली बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह निघाला. त्याच्या शीर्षककथेतील नायक रेल्वेत कामास लागलेला, मुलुखापासून दूर, गुजरातेत राहणारा आहे, आणि भाड्याच्या खोलीसाठी आपली जात लपवीत आहे. बदलीच्या गावी खोली शोधण्याचा अनुभव आमच्यापैकी प्रत्येकास आहे. त्या शोधात आम्हांस काय लपवावे लागले नाही, हे त्या कथेने आम्हांस सांगितले.

दुसरी वाट गाण्याची. अण्णा भाऊ साठे वाटेगावाहून आईबापांबरोबर पायी चालत मुंबईस आले. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले असे सांगतात. मुंबईत त्यांनी पडेल ते काम केले, गिरणीतही केले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अमर शेख हेही बार्शीकडचे. मोटारीवर क्लीनरचे आणि गिरणीतले काम करून डफावर आलेले. तमाशाच्या जुन्या चौकटीत त्यांनी गिरणीचा भोंगा, चाळ, सावकार आणि संप आणून बसविले. परळच्या मैदानावर हजारो माणसांनी एका आवाजात म्हणावे असे जे काही असते ते या वाटेने टिकले, आणि कागदापेक्षा अधिक पक्के टिकले. कारण ते पाठ झाले. अण्णा भाऊंनी पुढे कथा लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या; 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली; रशियाचा प्रवास करून आल्यावर त्यांनी प्रवासवर्णनही लिहिले. ज्यास शाळेने दीड दिवसात सोडले त्याची पुस्तके आज विद्यापीठांतून अभ्यासास लागतात.

तथापि गाण्याच्या वाटेसही एक मर्यादा आहे. गाण्यास झील धरणारे लागतात. 'आम्ही' म्हणून जे म्हणता येते तेच गाण्यात शोभते. एकट्याची हार, एकट्याचे भय, एकट्याची लाज यांस झील कोण धरणार? संपात जो डगमगला त्याचे गाणे कोणी रचीत नाही. त्याने ते स्वतः रचिले तरी कोणी म्हणणार नाही.

त्याकरिता तिसरी वाट लागते, ती आत्मनिवेदनाची. मराठीत ती उशिरा उघडली. तोवर गिरणगावाविषयी लिहिले ते बहुधा बाहेरच्यांनी. आणि त्यांत काहींनी चांगले लिहिले. मामा वरेरकर हे टपालखात्यात नोकरी केलेले गृहस्थ. त्यांची 'धावता धोटा' ही कादंबरी गिरणी-कामगारांच्या जीवनावर आहे. पोस्टाच्या खिडकीतून मनीऑर्डरी लिहून देणाऱ्यास गावाकडे जाणारा पैसा आणि त्याबरोबरची चार ओळींची खुशाली रोज वाचावयास मिळते; सरकारी नोकरीत राहूनही कान उघडे ठेविता येतात, यास हे एक उदाहरण म्हणून आम्हांस ते आवडले.

परंतु आतला आवाज वेगळा तो वेगळाच. नारायण सुर्वे हे १९२६ साली जन्मले ते कोणाच्या पोटी, हे त्यांस स्वतःसही कळले नाही. रस्त्यावर सापडलेल्या त्या तान्ह्या मुलास गंगाराम सुर्वे या गिरणी-कामगाराने घरी नेले, आणि त्यांच्या पत्नी काशीबाई यांनी वाढविले. त्याही गिरणीतच काम करीत. मुलाने पडेल ते काम केले. महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला आणि पुढे शिक्षक झाला. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि १९६६ साली 'माझे विद्यापीठ' हे संग्रह निघाले. मॅक्सिम गोर्कीच्या आत्मचरित्राच्या एका भागास हेच नाव आहे, हे वाचकांच्या स्मरणात असेल. विद्यापीठ म्हणजे बेकरी, बंदर, फाटक, फूटपाथ, असा दोघांचाही अर्थ. सुर्वे यांच्या कविता गद्याच्या इतक्या जवळून चालतात की त्यांस आठवणी म्हटले तरी चालेल. १९९५ साली परभणीच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. आणि आमच्या कपाटात त्यांच्या शेजारी एक पुस्तक निघाले, त्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांचे 'मास्तरांची सावली'. एकाच घराच्या दोन आठवणी. कवीने जे जगास सांगितले त्याच दिवसांत चूल कशी पेटत होती, मुले कशी निजत होती, कोणाकडून उसने आणिले होते, हे दुसऱ्या पुस्तकात आहे. ही दोन्ही पुस्तके आम्ही पाठोपाठ वाचली, आणि आमच्यापैकी जे विवाहित होते ते त्या रविवारी थोडे गप्पच घरी गेले.

अशी आणखी दोन नावे सांगितली पाहिजेत. गिरणगावच्या लाल बावट्याच्या चळवळीत वावरलेल्या पार्वतीबाई भोर यांची 'एका रणरागिणीची हकीकत' १९७७ साली निघाली. पद्माकर चितळे यांनी ती ऐकून लिहिली. आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ सालचे. गुन्हेगार ठरविलेल्या जमातीत जन्मलेला, लातूरच्या गिरणीत काम केलेला हा लेखक. त्यास पुढील वर्षी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ज्या जमातीचे नाव पिढ्यान् पिढ्या पोलिसांच्या नोंदवहीत होते तिचे नाव प्रथमच तिच्या माणसाने लिहिलेल्या पुस्तकावर आले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले, आणि त्यांपैकी असंख्य जण पुन्हा कधी मागाशी उभे राहिलेच नाहीत. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहत असता मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी चाळीचाळींतून फिरून कामगारांच्या, खाणावळवाल्या बायकांच्या, कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या. 'कथा मुंबईच्या गिरणगावची' हे त्याचे फळ. मुंबईस निदान एवढे तरी भाग्य लाभले.

आता आम्ही जेथे राहतो त्या मुलुखाकडे वळू. कारण खरा प्रश्न येथेच आहे.

छत्तीसगडात छापील अक्षराची नवी पहाट झाली ती मराठी घरातल्या एका माणसाच्या हाताने, हे आम्ही अभिमानाने सांगत असतो. माधवराव सप्रे यांनी सरकारी नोकरी न पत्करता जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोळकर त्यांचे सहसंपादक आणि वामन बळीराम लाखे प्रकाशक. छपाईचे काम रायपुरास. १९०१ साली त्यात सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही गोष्ट आली. एका गरीब विधवेची झोपडी जमीनदार वकिलांच्या साह्याने बळकावतो. नातीच्या चुलीसाठी तेथील टोपलीभर माती ती मागते. टोपली उचलून देण्यास जमीनदारासच सांगते. ती त्याच्याने उचलत नाही. एका टोपलीचे ओझे न पेलणारा हा माणूस साऱ्या जमिनीचे ओझे जन्मभर कसे पेलणार, असा तिचा प्रश्न. जमीनदारास पश्चात्ताप होतो. हिंदीतील आरंभीच्या कथांत या गोष्टीची गणना होते, आणि ते योग्यच आहे. फक्त ध्यानात ठेवावयाचे ते एवढेच की या विधवेचे नाव कथेत नाही, आणि तिची वाणी सप्रे यांची आहे.

येथून सुमारे सत्तर किलोमीटरवर राजनांदगाव. त्या छोट्या संस्थानात राजा बलरामदास यांच्या काळी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, कापडगिरणी निघाली. पुढे ती बंगाल नागपूर कॉटन मिल या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या मच्छरदाणीच्या कापडाचे नाव दूरवर झाले होते. १९२० साली तेथील कामगारांनी ठाकुर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली महिनाभराहून अधिक काळ संप केला. दिवसाचे बारा-बारा तेरा-तेरा तास काम हे त्याचे कारण, आणि कामाचे तास कमी झाले हे त्याचे फळ. ठाकुरसाहेबांस पुढे संस्थानातून हद्दपार करण्यात आले. ते रायपुरास येऊन राहिले. १९५४ साली भूदानयात्रेत त्यांचे देहावसान झाले. त्यांची चरित्रे आहेत, त्यांच्या नावाच्या संस्था आहेत, आणि असावयासच हव्यात. पण महिनाभर पगारावाचून राहिलेल्या घरांत काय शिजले, कोणाचे भांडे गहाण पडले, कोणाचा धीर कितव्या दिवशी सुटला, हे सांगणारे एखादे पुस्तक आमच्या थप्पीत नव्हते. गिरणी आता बंद आहे.

याच राजनांदगावात १९५८ साली दिग्विजय महाविद्यालयात शिकविण्यास एक प्राध्यापक आले. त्यांची घरची भाषा मराठी, लिहिण्याची हिंदी. गजानन माधव मुक्तिबोध हे त्यांचे नाव. वडील ग्वाल्हेर संस्थानात पोलीस खात्यात; म्हणजे हेही आपल्यासारख्याच बदल्यांच्या घरातील मूल. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र हे मराठीत 'नवी मळवाट' आणि 'यात्रिक' लिहिणारे कवी, 'क्षिप्रा'चे कादंबरीकार. एका आईच्या दोन मुलांनी दोन भाषांची घरे धरिली. गजानन मुक्तिबोधांनी नागपुरास असताना आकाशवाणीत आणि पुढे 'नया खून' या साप्ताहिकात काम केले. एम्प्रेस मिलच्या कामगारांवर गोळीबार झाला तेव्हा ते वार्ताहर म्हणून तेथे होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. त्यांचा मृत्यू सप्टेंबर १९६४ मध्ये दिल्लीस झाला, आणि 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह मृत्यूनंतर बाहेर पडला.

मुक्तिबोधांच्या गद्यात आम्हांस जे सापडले ते असे. कामगाराचे सोंग घेऊन ते बोलत नाहीत. त्यांचा विषय मध्यमवर्गीय माणूसच. जो अन्याय पाहतो, त्याचा अर्थही समजतो, आणि नोकरी, मुले, घरभाडे यांचा हिशेब करून गप्प राहतो. रात्री मात्र त्याला झोप लागत नाही. 'एक साहित्यिक की डायरी' वाचताना आमच्यापैकी एकाने पुस्तक मिटून ठेवले आणि म्हटले, "हे तर आपल्या गोपनीय अहवालासारखे आहे; फक्त आपणच आपला लिहिलेला." त्यात विनोद होता, तरी कोणी हसले नाही.

या वाचनानंतर आम्ही ठरविले की केवळ चर्चा पुरे. शंकर नगरातून कोणी पुस्तक लिहावे असे नव्हे. पण गिरणीत राबलेला कोणी म्हातारा माणूस हयात असेल तर त्याच्याकडे जाऊन बसावे. असे एक गृहस्थ मिळाले. गावाचे आणि गिरणीचे नाव येथे देत नाही, कारण ते त्यांस नको आहे. घराणे कोष्ट्यांचे, मूळचे भंडाऱ्याकडले. आजोबा हातमाग सोडून गिरणीच्या मागावर गेले आणि नातवाने त्याच खात्यात तीस वर्षे काढली. कान जवळजवळ गेलेले. मागांच्या आवाजात शब्द ऐकू येत नसत, तेव्हा सारे ओठांवरून वाचावयाची सवय. त्यामुळे आमच्याशी बोलताना ते डोळ्यांकडे न पाहता तोंडाकडे पाहत, आणि आम्ही उगीचच संकोचत होतो. त्यांची बोली नागपुरी मराठी, आणि तिच्यात छत्तीसगढी इतकी मिसळलेली की शिवण दिसू नये.

लिहून घेण्याचे काम साहजिकच आमच्या त्या वडील सभासदांकडे आले. तीन रविवार ते लिहीत होते. चौथ्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी कागद बाहेर काढले आणि वाचावयास आरंभ केला; समोर बसून, सावकाश, ओठ नीट दिसतील असे. नोकरीतली सवयच ती. जबाब लिहिला की तो देणाऱ्यास वाचून दाखवावयाचा, आणि खाली लिहावयाचे: वाचून दाखविले, बरोबर आहे. मग सही, नाहीतर निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

भाषा सुरेख उतरली होती. 'तदनंतर' होते, 'वस्तुतः' होते. एका संपाच्या हकिकतीत वाक्य होते की, सदर संपात त्यांनी सक्रिय सहभाग घेतला. म्हाताऱ्यांनी हात वर केला.

"हे मी नाही बोललो, साहेब."

आमचे सभासद म्हणाले, "आपण संपाच्या दिवसांत तेथेच होता ना?"

"होतो. पण तिसऱ्या हप्त्यात दोन दिवस मी मागच्या फाटकातून आत गेल्तो. पोराले ताप होता. दवाले पैसा नव्हता. ते मी तुमाले सांगतलं होतं. तेच लिवा."

त्यांनी ते खरोखरच सांगितले होते. आमच्या सभासदांच्या पहिल्या टिपणात ते होते. स्वच्छ प्रत करताना त्यांनी ते गाळले होते. वाईट हेतूने नव्हे, आदराने. या वयात एवढ्या कष्टाळू माणसाच्या नावावर कशास डाग, असे त्यांस वाटले. आम्ही तिघे-चौघे तेथे बसलो होतो आणि आम्हां सर्वांसही, खरे सांगावयाचे तर, ते वाक्य तसेच असावे असे वाटत होते.

म्हातारे पुढे जे बोलले ते त्यांच्या शब्दांत देत नाही, कारण ते सर्व आम्ही लिहून ठेविले आहे आणि ते त्यांचे आहे. आशय एवढाच की शेजारच्या मागावरचा सोबती त्यानंतर अकरा वर्षे त्यांच्याशी बोलला नाही. एका खात्यात, हाताच्या अंतरावर उभे राहून, जेथे एरव्हीही शब्द ऐकू येत नसत आणि ओठ पाहूनच बोलावे लागे, तेथे त्या सोबत्याने अकरा वर्षे तोंड फिरवून काम केले. मुलगा त्या तापातून उठला. सोबत्याच्या मयतीस ते गेले. खांदा द्यावयास मात्र पुढे झाले नाहीत.

ही गोष्ट कोणत्या अर्जात आली असती? कोणत्या गाण्यात? पुढाऱ्याच्या चरित्रात तर तिचे स्थान एखाद्या 'काही फितूर कामगार' अशा शब्दांपलीकडे नाही. आणि आमच्या हाती ती आपण होऊन आली, तर आम्ही तिच्यावर 'सक्रिय सहभाग' असा शिक्का मारून मोकळे झालो. कामगाराची आठवण हरवते ती केवळ दुष्टाव्याने किंवा उपेक्षेने हरवते, अशी आमची आजवरची समजूत होती. ती आदरानेही हरवते, हे आम्ही त्या ओट्यावर शिकलो. सप्रे यांच्या विधवेस नाव नाही, महालक्ष्मीच्या सभेतील स्त्रियांस नावे नाहीत. या गृहस्थांस नाव होते, आम्ही त्यांची लाज काढून घेत होतो. आणि ती लाज त्यांची स्वतःची मिळकत होती.

आमच्या वाचकांत बहुतेक जण असे आहेत की ज्यांच्या टेबलावरून हजारो माणसांची आयुष्ये कागदाच्या रूपाने जातात. अशा वाचकांपुढे उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु जेथे आपली बदली झाली असेल त्या गावी एखादी बंद गिरणी, एखादी रेल्वेची शेड, एखादी खाण असेलच; आणि तिच्यात आयुष्य काढलेली माणसे आता सत्तरी-ऐंशी ओलांडून ओट्यावर बसलेली असतील. त्यांच्याकडे जावे. जे बोलतील ते त्यांच्याच बोलीत लिहावे. 'मले' म्हणतील तेथे 'मला' करू नये. नाव द्यावे की नाही हे त्यांनी ठरवावे. आणि आपणांस नोकरीने जो एक चांगला नियम शिकविला आहे तो येथेही पाळावा: लिहिलेले त्यांस वाचून दाखवावे, आणि ते हात वर करतील तेथे थांबावे.

आमच्या सभासदांनी ती प्रत फाडली नाही. तीवर त्यांनी स्वतःच्या हाताने 'रद्द' असे लिहिले, तारीख घातली आणि ती कपाटात ठेविली. नोकरीतले शिस्तीचे माणूस. दुसरी प्रत करावयास त्यांस दोन महिने लागले, कारण प्रत्येक पान वाचून दाखवावयास ते जात होते. शेवटच्या पानाखाली म्हाताऱ्यांनी सही केली. अंगठ्याची शाई आम्ही बरोबर नेली होती. तिची गरज पडली नाही.